जेम्स बॅचेलर समनर

जेम्स बॅचेलर समनर (१९ नोव्हेंबर, १८८७ – १२ ऑगस्ट, १९५५) हे अमेरिकन जैवरसायनशास्त्रज्ञ होते. सजीवांतील रासायनिक क्रियांना गती देणारे विकर, म्हणजेच एन्झाइम, शुद्ध स्फटिकरूपात मिळवता येते हे त्यांनी १९२६ मध्ये प्रथम दाखवून दिले. यूरिएज या विकराचे स्फटिक तयार करून विकरे ही प्रथिने असतात, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. त्या काळातील नामवंत रसायनशास्त्रज्ञांनी हा निष्कर्ष अमान्य केला व तो सर्वमान्य होण्यास सुमारे दहा वर्षे लागली. या कार्याबद्दल त्यांना १९४६ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पारितोषिकाचा अर्धा भाग समनर यांना, तर उरलेला अर्धा भाग जॉन हॉवर्ड नॉर्थ्रॉप व वेंडेल मेरेडिथ स्टॅनली यांना विभागून देण्यात आला. विकरांची संरचना अभ्यासून त्यांचा उद्योग, वैद्यक व शेती यांत उपयोग करून घेणाऱ्या आजच्या जैवतंत्रज्ञानाचा पाया घालणाऱ्यांमध्ये समनर यांची गणना होते.

जन्म व बालपण

समनर यांचा जन्म अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील कॅन्टन या गावी झाला. त्यांच्या वडिलांचे नाव चार्ल्स समनर व आईचे नाव एलिझाबेथ असे होते. त्यांचे पूर्वज सतराव्या शतकात इंग्लंडमधील बिसेस्टर येथून येऊन बॉस्टनच्या परिसरात स्थायिक झालेले प्युरिटन होते. घराणे सुखवस्तू होते. कुटुंबाच्या मालकीची शेती व सुती कापडाचे कारखाने होते.

समनर यांचे शालेय शिक्षण रॉक्सबरी लॅटिन स्कूल या शाळेत झाले. भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र हे विषय सोडल्यास अन्य विषयांत त्यांचे मन रमत नसे. बंदुकांचे त्यांना विशेष आकर्षण होते व ते वारंवार शिकारीला जात. वयाच्या सतराव्या वर्षी रानकोंबड्यांसारख्या ग्राउझ पक्ष्यांच्या शिकारीवर असताना सोबत्याच्या बंदुकीतून चुकून सुटलेली गोळी त्यांच्या डाव्या हाताला लागली. हात कोपराच्या किंचित खालून कापून टाकावा लागला. समनर हे जन्मतः डावखुरे होते. त्यामुळे लिहिण्यापासून सर्व कामे त्यांना उजव्या हाताने नव्याने शिकावी लागली. हे व्यंग आपल्या आड येऊ द्यायचे नाही या जिद्दीने त्यांनी टेनिस, बर्फावरील स्कीइंग व स्केटिंग, बिलियर्ड्‌स आणि हवेत फेकलेल्या मातीच्या चकत्यांवर नेम धरणे अशा खेळांत प्रावीण्य मिळवले. टेनिस तर ते उतारवयापर्यंत खेळत राहिले.

शिक्षण

समनर यांनी १९०६ मध्ये हार्वर्ड महाविद्यालयात प्रवेश घेतला व १९१० मध्ये रसायनशास्त्र हा विशेष विषय घेऊन पदवी संपादन केली. त्यानंतर काही काळ त्यांनी आपल्या काकांच्या सुती विणकामाच्या कारखान्यात नोकरी केली. त्या कामात त्यांना रस वाटला नाही. कॅनडातील न्यू ब्रन्सविक प्रांतात सॅकव्हिल येथे असलेल्या माउंट ॲलिसन महाविद्यालयात त्यांनी रसायनशास्त्राचे अध्यापन केले व १९११ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील वुस्टर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूट या संस्थेत साहाय्यकाचे पद स्वीकारले.

जैवरसायनशास्त्राचा अभ्यास करण्यासाठी ते १९१२ मध्ये हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात ऑटो फोलिन यांच्याकडे गेले. रक्त व मूत्र यांतील घटकांचे अचूक मापन करण्याच्या पद्धती विकसित करणारे फोलिन हे त्या काळातील अग्रगण्य जैवरसायनशास्त्रज्ञ होते. एका हाताच्या माणसाला प्रयोगशाळेतील रसायनशास्त्रात यश मिळणे शक्य नाही असे त्यांचे मत होते, आणि समनर यांनी कायद्याचे शिक्षण घ्यावे असे त्यांनी सुचवले. समनर यांनी हा सल्ला मानला नाही. फोलिन यांनीही त्यांना पुढे आपल्या प्रयोगशाळेत घेतले आणि दोन वर्षांत समनर यांचे काम पूर्ण झाले.

डॉक्टरेटसाठीचे संशोधन

प्राण्यांच्या शरीरात यूरिया कसा तयार होतो, हा समनर यांच्या प्रबंधाचा विषय होता. अन्नातील प्रथिनांच्या विघटनातून निघणारा नायट्रोजन यूरियाच्या रूपाने मूत्रावाटे बाहेर टाकला जातो. या प्रक्रियेत यकृताचा वाटा किती, यासंबंधी त्यांनी सायरस फिस्क यांच्यासमवेत केलेले संशोधन १९१४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षीच्या जून महिन्यात हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट प्रदान केली.

समनर यांच्या पुढील आयुष्याची दिशा या संशोधनाने ठरवली. रक्तातील व मूत्रातील यूरिया मोजण्यासाठी यूरिएज हे विकर वापरले जाई. हे विकर यूरियाचे विघटन करून अमोनिया व कार्बन डाय-ऑक्साइड तयार करते. निघालेला अमोनिया मोजला की मूळ यूरियाचे प्रमाण कळते. अशा प्रकारे समनर हे विकर रोज हाताळत होते, परंतु ते नेमके कोणत्या पदार्थाचे बनलेले आहे हे त्या काळी कोणालाही ठाऊक नव्हते.

कॉर्नेल विद्यापीठातील प्रारंभीची वर्षे

डॉक्टरेट मिळाल्यानंतर समनर युरोपच्या प्रवासाला गेले. त्याच सुमारास पहिले महायुद्ध सुरू झाल्याने ते सुमारे महिनाभर स्वित्झर्लंडमध्ये अडकून पडले. तेथेच त्यांना कॉर्नेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडून तार आली. न्यू यॉर्क राज्यातील इथाका येथे जैवरसायनशास्त्राचे साहाय्यक प्राध्यापक म्हणून रुजू होण्याचे ते निमंत्रण होते. समनर यांनी ते स्वीकारले व त्यांची पुढील सर्व कारकीर्द इथाका येथेच घडली.

कॉर्नेलमध्ये त्यांच्यावर अध्यापनाचा भार मोठा होता. प्रयोगशाळेतील उपकरणे तुटपुंजी होती व साहाय्यकांची संख्या अगदी थोडी होती. आरंभी त्यांनी रासायनिक विश्लेषणाच्या पद्धतींवर काम केले, मात्र त्यातून फारसे काही हाती लागत नाही असे त्यांना वाटू लागले. १९१७ मध्ये त्यांनी एखादे विकर शुद्ध स्वरूपात वेगळे काढण्याचे ठरवले. तोपर्यंत ही गोष्ट कोणालाही साधली नव्हती. उपकरणांची व माणसांची वाण असलेल्या प्रयोगशाळेत निष्ठेने काम करून एखादी मोठी गोष्ट साधायची तर असाच विषय योग्य, असा त्यांचा विचार होता.

यूरिएज निवडण्यामागे आणखी एक कारण होते. जॅक बीन या शेंगवर्गीय वनस्पतीच्या बियांत यूरिएज अतिशय मोठ्या प्रमाणावर असते व सोयाबीनच्या तुलनेत ते कित्येक पटींनी अधिक असते. महाराष्ट्रात भाजीसाठी लावली जाणारी अबई याच वनस्पतीच्या प्रजातीत मोडते. मूळ पदार्थातच विकर विपुल असेल तर ते वेगळे काढण्याची शक्यता वाढते, असे समनर यांचे अनुमान होते.

विकरांच्या स्वरूपाविषयीचा वाद

समनर यांच्या कार्याचे महत्त्व लक्षात येण्यासाठी त्या काळची परिस्थिती समजून घेणे आवश्यक आहे. जर्मन शास्त्रज्ञ एडुआर्ट बुकनर यांनी १८९७ मध्ये यीस्टच्या पेशीविरहित रसानेही साखरेचे किण्वन होते हे सिद्ध केले होते. किण्वनासाठी जिवंत पेशीची गरज नसून तिच्यातील काही पदार्थ पुरेसा असतो, हे त्यावरून स्पष्ट झाले. तो पदार्थ कोणता, हा प्रश्न मात्र अनुत्तरित राहिला.

या विषयातील सर्वाधिक वजनदार मत रिखार्ड विलश्टेटर यांचे होते. हरितद्रव्यावरील संशोधनाबद्दल त्यांना १९१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले होते. त्यांनी व त्यांच्या शिष्यांनी विकरांचे द्रावण शुद्ध करता करता अशा टप्प्यावर आणले होते की, त्यात विकराची क्रिया दिसत असे परंतु प्रथिनांच्या नेहमीच्या रासायनिक चाचण्यांना प्रतिसाद मिळत नसे. यावरून विकर हे प्रथिन, कर्बोदक वा अन्य कोणत्याही ज्ञात वर्गातील द्रव्य नसून, तो एक लहान क्रियाशील रेणू आहे व प्रथिने केवळ त्याचे वाहक म्हणून असतात, असे त्यांनी प्रतिपादन केले. त्यांच्या निरीक्षणांत चूक नव्हती. तथापि ती द्रावणे इतकी विरल होती की त्यांतील प्रथिन त्या काळच्या चाचण्यांना सापडणे शक्यच नव्हते. विकराची क्रिया अत्यल्प मात्रेतही मोजता येते, पण प्रथिनाची रासायनिक चाचणी तितकी संवेदनशील नसते, हा फरक तेव्हा पुरेसा ध्यानात आला नव्हता.

समनर यांना १९२१ मध्ये अमेरिका व बेल्जियम यांच्यातील एक शिष्यवृत्ती मिळाली. ब्रुसेल्स येथे विकरांवर अनेक ग्रंथ लिहिणारे जाँ एफ्राँ यांच्याकडे जाऊन काम करण्याचा त्यांचा बेत होता. यूरिएज वेगळे काढण्याची कल्पना एफ्राँ यांना हास्यास्पद वाटली व तो बेत फिसकटला. समनर यांनी इथाका येथेच आपले प्रयोग पुढे चालू ठेवले. विकर शुद्ध रूपात कधीच मिळणार नाही असे सांगणारे सहकारीही त्यांच्या आसपास होतेच.

यूरिएजचे स्फटिकीकरण

जॅक बीनच्या पिठातून विकर द्रवात उतरवण्यासाठी समनर यांनी नाना पद्धती वापरून पाहिल्या. दीर्घकाळ ते ३० टक्के अल्कोहोलमध्ये अर्क काढत असत. हा अर्क थंड ठेवला की त्यातील काही प्रथिने खाली बसत व त्यांच्यासोबत यूरिएजही उतरत असे. आरंभी प्रयोगशाळेत शीतपेटी नव्हती. त्यामुळे अर्काची काचपात्रे रात्री खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर ठेवून कडाक्याच्या थंडीची वाट पाहावी लागे.

१९२६ मध्ये त्यांनी अल्कोहोलऐवजी ॲसिटोन वापरण्याचे ठरवले. चरबी काढून टाकलेले जॅक बीनचे १०० ग्रॅम पीठ त्यांनी सुमारे ३२ टक्के ॲसिटोन असलेल्या ५०० घन सेंटिमीटर द्रवात मिसळले, मिश्रण गाळले आणि गाळलेला द्रव रात्रभर थंड जागी ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यातील एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना त्यांना लहान लहान स्फटिक आढळले. असे स्फटिक त्यांनी पूर्वी कधी पाहिले नव्हते. त्यांचा आकार अष्टफलकी होता. अपकेंद्री यंत्रात फिरवून त्यांनी ते वेगळे केले, पाण्यात विरघळवले व यूरियावरील त्यांच्या क्रियेची चाचणी घेतली. द्रावणात यूरिएजची क्रिया अतिशय तीव्र होती. प्रथिनांच्या सर्व चाचण्यांनाही त्याने प्रतिसाद दिला. समनर यांनी तत्काळ दूरध्वनी करून जगातील पहिले विकर स्फटिकरूपात मिळाल्याची वार्ता पत्नीला कळवली.

या शोधापर्यंत पोचण्यास त्यांना नऊ वर्षे लागली. पद्धत हाती आल्यावर तीच कृती करण्यास मात्र एक रात्र व थोडा दिवस पुरेसा होता. या संशोधनाचा वृत्तांत ऑगस्ट १९२६ मध्ये जर्नल ऑफ बायोलॉजिकल केमिस्ट्री या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अवघ्या काही पानांच्या या लेखात स्फटिक तयार करण्याची कृती दिलेली होती आणि हे स्फटिक म्हणजेच यूरिएज हे विकर होय, असे मत व्यक्त केले होते.

विरोध व मान्यता

बहुतेक जैवरसायनशास्त्रज्ञांनी या लेखाकडे दुर्लक्ष केले वा त्यावर विश्वास ठेवला नाही. स्फटिक प्रथिनाचेच आहेत हे मान्य केले तरी खरे विकर त्यांना चिकटून आलेली अशुद्धी असू शकते, असा विलश्टेटर यांच्या अनुयायांचा आक्षेप होता. तो निराधार म्हणता येणार नव्हता. एखादा पदार्थ स्फटिकरूप आहे एवढ्याने तो पूर्णतः शुद्ध ठरत नाही. त्यामुळे प्रथिन व विकर ही दोन निरनिराळी द्रव्ये नसून एकच आहेत, हे दाखवण्याची जबाबदारी समनर यांच्यावर आली.

पुढील काही वर्षे समनर यांनी या एकाच प्रश्नावर निरनिराळ्या बाजूंनी काम केले. स्फटिक पुनःपुन्हा विरघळवून पुन्हा तयार केले तरी त्यांची क्रियाशीलता टिकून राहते असे त्यांना आढळले. ज्या कारणांनी प्रथिन बिघडते त्याच कारणांनी विकराची क्रियाही नष्ट होते, हे त्यांनी दाखवले. प्रथिनांचे पचन करणाऱ्या पेप्सिन व पपेन यांच्या साहाय्याने यूरिएजचे विघटन केले असता प्रथिन जसजसे पचते तसतशी यूरिएजची क्रियाही कमी होत जाते, असे १९३२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या व सहकाऱ्यांच्या प्रयोगांतून निष्पन्न झाले. क्रियाशील रेणू प्रथिनाहून वेगळा असता तर वाहक नष्ट झाल्यावरही त्याची काही क्रिया उरण्याची अपेक्षा होती.

याच काळात कर्क यांच्यासमवेत त्यांनी प्राण्यांवर एक वेगळा प्रयोग केला. शरीरात यूरिएज टोचल्यास रक्तातील यूरियापासून अमोनिया तयार होतो व प्राणी दगावतो. तथापि अगदी अल्प मात्रेपासून आरंभ करून ती हळूहळू वाढवत नेल्यास सशांच्या शरीरात यूरिएजविरोधी प्रतिपिंड तयार होतात व एरवी मारक ठरणारी मात्राही ते सहन करू शकतात. स्फटिकरूप विकराविरुद्ध प्रतिपिंड निर्माण करण्याचे हे आद्य उदाहरणांपैकी एक होय. शरीर ज्याला प्रथिन म्हणून ओळखते तेच यूरिएज आहे, या मताला त्यातून बळकटी मिळाली.

निर्णायक पाठबळ अन्य प्रयोगशाळेतून आले. रॉकफेलर संस्थेच्या प्रिन्स्टन येथील प्रयोगशाळेत जॉन नॉर्थ्रॉप यांनी १९३० च्या सुमारास जठररसातील पेप्सिन या विकराचे स्फटिक मिळवले. त्यानंतर त्यांनी व मोझेस कुनिट्झ यांनी स्वादुपिंडातील ट्रिप्सिन व कायमोट्रिप्सिन यांचेही स्फटिकीकरण केले. नॉर्थ्रॉप यांनी शुद्धतेच्या अत्यंत काटेकोर कसोट्या लावल्या होत्या. एकामागून एक विकरे प्रथिनांच्याच स्फटिकांतून मिळू लागल्याने समनर यांची पद्धत ही एका अपवादापुरती नाही हे स्पष्ट झाले व विरोध मावळत गेला. स्टॅनली यांनी १९३५ मध्ये तंबाखूच्या पानांवरील मोझेइक रोगाच्या विषाणूचे स्फटिक मिळवले, तेही याच परंपरेतील कार्य होते.

कॉर्नेल विद्यापीठाने समनर यांना १९२९ मध्ये जैवरसायनशास्त्राचे प्राध्यापकपद दिले होते. यहुदीद्वेषाच्या निषेधार्थ विलश्टेटर यांनी १९२४ मध्येच म्युनिक विद्यापीठातील पदाचा राजीनामा दिला होता. १९३९ मध्ये त्यांना जर्मनी सोडून स्वित्झर्लंडचा आश्रय घ्यावा लागला व १९४२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या मताचा पराभव झाला असला तरी विकरे शुद्ध करण्याच्या त्यांच्या अनेक पद्धती पुढेही उपयोगात राहिल्या.

उप्साला येथील काम व कॅटॅलेज

समनर यांना १९३७ मध्ये गुगेनहाइम अधिछात्रवृत्ती मिळाली. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठात थिओडोर स्वेडबर्ग यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी पाच महिने काम केले. मोठ्या रेणूंचा रेणुभार काढण्यासाठी अतिवेगाने फिरणारे अपकेंद्री यंत्र स्वेडबर्ग यांनी तयार केले होते. या यंत्राच्या साहाय्याने यूरिएजचा रेणुभार सुमारे ४,८०,००० असल्याचे आढळले. विकर हा लहान रेणू असावा या जुन्या कल्पनेच्या हे अगदी उलट होते. त्याच वर्षी स्टॉकहोम येथे समनर यांना शेले पदक देऊन गौरवण्यात आले.

अलेक्झांडर डाउन्स यांच्या सहकार्याने त्यांनी १९३७ मध्ये गाईबैलांच्या यकृतातील कॅटॅलेज या विकराचेही स्फटिक मिळवले. हायड्रोजन पेरॉक्साइडचे पाणी व ऑक्सिजन यांत विघटन करणारे हे विकर लोहयुक्त असते. प्रथिनाच्या जोडीला धातूचा अणू विकराच्या क्रियेत भाग घेतो, हा विषय त्यामुळे पुढे आला.

अन्य संशोधन

विश्लेषणपद्धतींवरील समनर यांचे आरंभीचे काम त्यांना स्वतःला फारसे महत्त्वाचे वाटले नाही, परंतु त्यातील एक पद्धत चिरस्थायी ठरली. मूत्रातील साखर मोजण्यासाठी त्यांनी १९२१ मध्ये डायनायट्रोसॅलिसिलिक आम्लाचा उपयोग सुचवला. अल्कधर्मी द्रावणात हे आम्ल क्षपणकारी शर्करांसमवेत तापवले असता नारिंगी-लाल रंग येतो व रंगाच्या गडदपणावरून शर्करेचे प्रमाण काढता येते. मधुमेहाच्या तपासणीसाठी सुचवलेली ही पद्धत पुढे सुधारित स्वरूपात अमायलेज, सेल्युलेज यांसारख्या विकरांची क्रियाशीलता मोजण्यासाठी रूढ झाली. डीएनएस पद्धत या नावाने ती भारतातील महाविद्यालयांच्या जैवरसायनशास्त्र व जैवतंत्रज्ञान प्रयोगशाळांत आजही शिकवली जाते.

यूरिएजच्या शोधात असतानाच १९१९ मध्ये समनर यांनी जॅक बीनमधील अन्य प्रथिने वेगळी केली होती. त्यांपैकी कॉन्कॅनाव्हॅलिन ए हे प्रथिन तांबड्या रक्तपेशींच्या गुठळ्या करते व विशिष्ट शर्करांशी जोडले जाते, असे त्यांनी व स्टेसी हॉवेल यांनी १९३६ मध्ये दाखवले. शर्करा ओळखणाऱ्या अशा प्रथिनांना पुढे लेक्टिन हे नाव मिळाले. पेशींच्या पृष्ठभागाचा अभ्यास व शर्करायुक्त प्रथिनांचे शुद्धीकरण यांसाठी कॉन्कॅनाव्हॅलिन ए मोठ्या प्रमाणावर वापरले जाते.

ग्रंथलेखन

समनर यांनी १९२७ मध्ये जैवरसायनशास्त्राचे पाठ्यपुस्तक लिहिले. जी. फ्रेड सोमर्स यांच्यासमवेत त्यांनी विकरांचे रसायनशास्त्र व त्यांच्या अभ्यासाच्या पद्धती यांवर लिहिलेला ग्रंथ १९४३ मध्ये प्रकाशित झाला. स्वीडिश शास्त्रज्ञ कार्ल म्यूरबेक यांच्यासह त्यांनी संपादित केलेला द एन्झाइम्स हा बहुखंडी ग्रंथ १९५० पासून प्रसिद्ध होऊ लागला व त्या विषयातील प्रमाणग्रंथ ठरला.

पुरस्कार व सन्मान

- १९३७ – गुगेनहाइम अधिछात्रवृत्ती
- १९३७ – शेले पदक, स्टॉकहोम
- १९४६ – रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक
- १९४८ – अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे सदस्यत्व

नोबेल व्याख्यानात त्यांनी विकरांचे रासायनिक स्वरूप हा विषय मांडला. पारितोषिकानंतर १९४७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात विकर रसायनशास्त्राची स्वतंत्र प्रयोगशाळा सुरू झाली व समनर तिचे संचालक झाले.

वैयक्तिक जीवन

समनर यांचे तीन विवाह झाले. १९१५ मध्ये त्यांचा विवाह मिसिसिपी राज्यातील सिड रिकेट्स यांच्याशी झाला. सिड रिकेट्स समनर या पुढे कादंबरीकार म्हणून प्रसिद्धीस आल्या. त्यांच्या क्वालिटी या कादंबरीवर १९४९ मध्ये पिंकी हा चित्रपट निघाला. हा विवाह १९३० मध्ये संपुष्टात आला. १९३१ मध्ये समनर यांनी स्वीडिश वंशाच्या ॲग्नेस लुंडक्विस्ट यांच्याशी व १९४३ मध्ये मेरी मॉरिसन बायर यांच्याशी विवाह केला.

निधन

समनर १९५५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातून निवृत्त झाले. ब्राझीलमधील बेलो होरिझोन्ते येथील मिनास झेराइस विद्यापीठात विकरांवरील संशोधनाची प्रयोगशाळा उभारण्यासाठी जाण्याचा त्यांचा मानस होता. जाण्याची तयारी सुरू असतानाच त्यांना कर्करोग झाल्याचे निदान झाले. १२ ऑगस्ट, १९५५ रोजी न्यू यॉर्क राज्यातील बफेलो येथे त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते ६७ वर्षांचे होते.

वारसा

विकरे ही प्रथिने आहेत हे मान्य झाल्यावर त्यांच्या रेणूंची रचना उलगडणे हे पुढचे उद्दिष्ट ठरले. त्यासाठी स्फटिक आवश्यक होते, कारण क्ष-किरणांच्या विवर्तनाने रेणूतील अणूंची मांडणी शोधण्याची पद्धत स्फटिकांवरच आधारलेली आहे. जॉन डेस्मंड बर्नाल व डोरोथी क्रोफुट यांनी १९३४ मध्ये पेप्सिनच्या स्फटिकाचे क्ष-किरण छायाचित्र घेतले. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये डेव्हिड फिलिप्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये लायसोझाइम या विकराची त्रिमितीय संरचना प्रथमच निश्चित केली. धुलाईच्या पावडरीतील विकरांपासून औषधनिर्मितीतील विकरांपर्यंत, संरचना पाहून विकरात हवे ते बदल घडवण्याचे आजचे तंत्र या मालिकेतूनच विकसित झाले.

यूरिएजचा उपयोग आता अनेक क्षेत्रांत होतो. मूत्रपिंडाचे कार्य तपासण्यासाठी रक्तातील यूरिया मोजताना हे विकर वापरले जाते. जठरातील हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूचे निदान त्याच्या यूरिएजवरून करता येते. शेतात टाकलेल्या यूरिया खताचे मातीतील यूरिएजमुळे विघटन होते व अमोनिया हवेत निघून गेल्याने खत वाया जाते. हे टाळण्यासाठी यूरिएजची क्रिया रोखणारी द्रव्ये खतात मिसळली जातात. अशी द्रव्ये शोधताना विकराची संरचना ठाऊक असणे उपयुक्त ठरते.

समनर यांच्या निष्कर्षात पुढे दोन महत्त्वाच्या दुरुस्त्या झाल्या. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथील शास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये यूरिएजमध्ये निकेल धातू असल्याचे दाखवले. समनर यांच्या स्फटिकांतही तो होताच, परंतु त्यांच्या ध्यानात आला नव्हता. निकेलयुक्त म्हणून ओळखले गेलेले हे पहिले विकर होय. १९८० च्या दशकात काही आरएनए रेणूही उत्प्रेरक असतात असे आढळल्याने, सर्व जैव उत्प्रेरक प्रथिनेच असतात हे विधानही मर्यादित करावे लागले. तथापि सजीवांतील बहुसंख्य विकरे प्रथिने आहेत, हा त्यांचा मूळ निष्कर्ष अबाधित राहिला.

विशेष म्हणजे, सर्वप्रथम स्फटिकरूपात मिळालेल्या या विकराची संरचना उलगडण्यास फार मोठा काळ जावा लागला. जिवाणूंमधील यूरिएजची संरचना १९९५ मध्ये ज्ञात झाली. जॅक बीनमधील यूरिएजची संपूर्ण संरचना मात्र चेन्नई येथील मद्रास विद्यापीठातील संशोधकांनी निश्चित केली व ती २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. प्रत्येकी ८४० अमिनो आम्लांच्या सहा उपघटकांचा हा रेणू असून प्रत्येक उपघटकात निकेलचे दोन अणू असतात. इथाका येथे १९२६ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेल्या अष्टफलकी स्फटिकांच्या अंतर्रचनेचे चित्र अशा प्रकारे आठ दशकांहून अधिक काळानंतर भारतातील एका प्रयोगशाळेत पूर्ण झाले.